चौथा फर्मा

४ सप्टेंबर

दादा,

नमस्कार. वाकून केला आहे, कंबर धरून, तेव्हा आशीर्वाद जरा सढळ हाताने दे.

सोबत एक पुस्तक पाठवते आहे, 'तेराव्या मैलावरचं जनावर'. वर पंजा आहे आणि पंज्यातून रक्त ठिबकतंय, पार्सल फोडताना दचकू नकोस. आमच्याच बाइंडिंगखान्यात बांधलंय. तीन हजार प्रती. या वेळी फोरमनने शेवटची तपासणी माझ्याकडे दिली. सव्वीस वर्षं फर्मे गोळा केल्यावर ही बढती. प्रत्येक खोक्यात चिठ्ठी टाकली आहे, 'तपासणी क्र. ७'. सात म्हणजे मी.

मी ते वाचलं आहे म्हटलं तर आहे. एका मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. असे तेरा फर्म्यांचे ढीग लांब टेबलावर ओळीने मांडलेले असतात. मी कडेकडेने चालत प्रत्येक ढिगातला एक उचलते, की झालं एक पुस्तक. चालता चालता एखादी ओळ डोळ्यांत शिरते. एका ठिकाणी 'तो ओरडला', चार पावलं पुढे गेलं की 'आता उरले तिघे'. त्यावरून गोष्ट भयंकर असावी असा माझा अंदाज. तू चौतीस वर्षं जंगलात गार्ड होतास. तूच वाच आणि सांग, खरंच भीती वाटते का.

नाहीतरी घाबरवण्यात तुझा हात कोणी धरणार नाही. जिन्याखालचं जनावर आठवतं ना? मी सहा वर्षांची, तू सोळा. खाली उतरायच्या आधी मी वरच्या पायरीवरून विचारायचं, "जेवलास का रे?" आणि जिन्याखालून तुझा घोगरा आवाज यायचा, "जेवलो. ये खाली." कधीकधी मुद्दाम गप्प बसायचास. मी जीव मुठीत धरून तशीच उभी.

वहिनी गेल्यापासून तू एकटा आहेस आणि तिथे शेजार नाही. माझ्याकडे राहायला ये असं लिहिणार नाही, लिहिलं की तू महिनाभर पत्र पाठवत नाहीस. फोन केला तर तुला नुसती खरखर ऐकू येते. म्हणून पत्रात विचारते, वेळेवर जेवतोस ना?

चिमणी


१५ सप्टेंबर

चिमणे,

आशीर्वाद आहेतच. दरवेळी मागायला लावून त्यांची किंमत कमी करू नकोस.

पुस्तक मिळालं. बांधणी उत्तम. आतला माल मात्र फुसका. या लेखकाने सार्वजनिक बागेपलीकडे झाडं पाहिली नसावीत. सहाजण जंगल मोजायला निघतात. विसाव्या पानावर जनावर समोर येऊन उभं, शिंगं, दात, डोळे, सगळं एकाच दमात दाखवून टाकलंय. आता पुढे काय दाखवणार, त्याचं घर? वारा यांच्या पाठीवर आणि वास येतोय समोरच्या जनावराचा. एकाला खाल्लं, तरी दुसरा सकाळी एकटाच लाकडं आणायला जातो. त्यालाही खाल्लं. मला त्याचं काही वाटलं नाही, जनावराचं पोट बिघडेल एवढीच काळजी वाटली.

तरी वाचतोय, बहिणीची भेट आहे. संध्याकाळी पायरीवर बसतो, वाचायला सुरुवात करतो तिथे समासात पेन्सिलीने तारीख घालतो. ती सवय काही जात नाही. फेरीवर असताना प्रत्येक खांबापाशी पोचलो की खडूने तारीख लिहायची, म्हणजे साहेबाला कळे की गार्ड झोपला नव्हता. एकेका खांबावर खाली खाली तारखांची रांग लागलेली असायची. आता साहेब नाही, पण हात ऐकत नाही.

सध्या ओढ्याच्या प्रकरणाशी आलोय. बघू पुढे काही होतं का.

जेवतो. विचारत जाऊ नकोस.

दादा


२४ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. शिलाईवाल्या दोघी हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या. फोरमनसुद्धा हसला, आणि तो वर्षातून दोनदा हसतो. आता सगळे विचारतात, तुझ्या दादाचं पुढचं पत्र कधी येणार. तेव्हा पुस्तक सोडू नकोस. जितकं वाईट असेल तितकं आमच्या फायद्याचं.

खरं सांगू, तू चिडून लिहितोस ना तेव्हा मला बरं वाटतं. वहिनी गेल्यानंतर वर्षभर तू कशावरच चिडला नव्हतास.

चिमणी


३ ऑक्टोबर

चिमणे,

तुझ्या त्या शिलाईवाल्यांना सांग, हसणं पुरे आणि कामाकडे लक्ष द्या.

ओढ्याचं प्रकरण. मोजणीदार ओढ्याशी पाणी भरतोय आणि पलीकडच्या काठावरून त्याला बायकोच्या आवाजात हाक येते. बायको तर घरी, शंभर मैलांवर. ते जनावर माणसांच्या आवाजात बोलावतं. ठीक आहे, म्हटलं. वाचून संपवलं. दुसऱ्या बैठकीला पुन्हा तोच मोजणीदार, तोच ओढा, तीच हाक. मला वाटलं लेखकाची काही युक्ती असेल. आता तिसऱ्यांदा तेच, शब्द न् शब्द. ही युक्ती नव्हे, हा तुमच्या बाइंडिंगखान्याचा गलथानपणा आहे. एकच गठ्ठा तीनदा घातलात की काय? म्हणे तपासणी क्रमांक सात.

बाकी ठीक. किटली जळाली, जुनीच होती. परवा जुन्या फेरीच्या वाटेवर गेलो होतो. नवव्या खांबाची जागा कुणीतरी बदलली आहे, त्यामुळे घरी यायला अंधार झाला. हल्लीच्या गार्डांना शिस्त नाही. आल्यावर दोन कप चहा केला, एक तसाच राहिला. थंडी पडायला लागली आहे.

दादा


११ ऑक्टोबर

दादा,

तुझं पत्र मी कुणाला वाचून दाखवलं नाही. 

ओढ्याचं प्रकरण म्हणजे पान एकोणपन्नास ते चौसष्ट. चौथा फर्मा, बरोब्बर सोळा पानं. तो ढीग टेबलावर चुकून दोन-तीन जागी मांडला गेला असेल तर एक प्रत बिघडलेली नसणार, शेकडो असणार. पुस्तकं दुकानांत गेली आहेत. खोक्यांत माझ्या नंबराच्या चिठ्ठ्या आहेत. मागच्या वर्षी एकीचा एक फर्मा उलटा लागला तर फोरमनने तिला दुपारची सुट्टी होईपर्यंतसुद्धा ठेवली नाही. मला अठ्ठावन्न पूर्ण झाली. या वयात मला दुसरीकडे कोण उभं करील?

रात्रभर तेच टेबल डोळ्यांपुढे येतं. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. मी ढीग मोजले होते दादा. मोजले होते असं वाटतं. आता शपथेवर सांगता येत नाही.

तू एक कर. पानांच्या खालचे आकडे बघ. चौसष्टनंतर पुन्हा एकोणपन्नास येतं का, ते लिही. आणि पुस्तक लगेच परत पाठव. तुझ्याकडे पत्रं आणतात त्या टपालबाईंच्या हातात दे म्हणजे पोचेल. कुणाजवळ बोलू नकोस.

किटली नवीन घे. आणि खांब हलवायला कुणाला वेळ आहे, तूच रमतगमत गेला असशील. पुस्तकाचं आधी बघ.

चिमणी


२० सप्टेंबर

चिमणे,

एवढं घाबरायला काय झालं? आकडे पाहिले. बरोबर वाटतात. म्हणजे पाहताना बरोबर वाटतात, आणि वाचायला बसलं की पुन्हा ओढा येतो. तुझी चूक नसेल. लेखकच कच्चा असेल. सोडून दे.

पुस्तक इतक्यात पाठवत नाही. अर्धवट वाचलेलं परत देणं मला आवडत नाही. शेवट कळला की पाठवीन.

एक मात्र मागे घेतो. पुस्तकात भीती नाही असं मी लिहिलं होतं. ती हाक आहे ना ओढ्यापलीकडची, ती लेखकाला जमली आहे. जनावराच्या दाताबिताचं काही नाही, पण आपल्या माणसाचा आवाज ओळखीचा असतो आणि पाय आपोआप उचलतात. ते त्याने कुठून आणलं कोण जाणे.

टपालबाईंनी किटली आणून दिली. भल्या आहेत.

दादा

ता. क. ते जंगलातल्या जनावराचं पुस्तक पाठवणार होतीस ना? पाठव की. इथे संध्याकाळी वाचायला काही नाही.


२८ ऑक्टोबर

दादा,

टोमणा पोचला. चांगली प्रत पाठव, हेच म्हणायचंय ना तुला? नुसतं म्हटलं असतंस तरी कळलं असतं. तारीखसुद्धा मागच्या महिन्याची घातलीस, एवढा रागावला आहेस का माझ्यावर?

मला इथे थट्टा सुचत नाही. गोदामात बारा प्रती उरल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत दार लावून बाराही उघडून पाहिल्या. सगळ्या ठीक. त्याने धीर यायला हवा, पण मला उलट वाटलं की चांगल्या तेवढ्या इथे राहिल्या आणि बिघडलेल्या बाहेर गेल्या. शेवटी काल फोरमनला सांगून टाकलं. लपवून ठेवणं मला झेपत नव्हतं. तो ओरडला असता तर बरं, त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "ती प्रत आणून दाखव. बघू कुठे काय झालंय. पंधरा तारखेपर्यंत वाट बघतो." तोवर मला तपासणीवरून काढून पुठ्ठ्याला खळ लावायला बसवलंय. सगळ्याजणी माझ्याशी हळू आवाजात बोलतात.

तू म्हणतोस शेवट कळल्याशिवाय पाठवणार नाही. दादा, शेवट मी तुला सांगते, एकही जण वाचत नाही, तेराव्या फर्म्यात मी स्वतः ओळ पाहिली आहे. आता तरी पाठव. माझं पोट आहे या नोकरीवर. यापेक्षा जास्त काय लिहू?

चिमणी


५ नोव्हेंबर

चिमणे,

पुस्तक पाठवतोय.

आज डोकं ठीक आहे म्हणून आजच लिहितो. तुझी काही चूक नाही. ढीग तू मोजले होतेस. पुस्तक उघडशील तेव्हा कळेल तुला. पाठवायचं नव्हतं ते त्याचसाठी, शेवटाबिवटाचं निमित्त होतं. पण तू तिथे खळ लावत बसली आहेस आणि मी इथे तोंड मिटून बसायचं, हे मला जमेना.

फोरमनला दाखवायचंच असेल तर समास खोडरबराने पुसून मग दाखव.

टपालबाई थांबल्या आहेत.

दादा


१२ नोव्हेंबर

दादा,

पुस्तक काल आलं. फोरमनकडे न नेता आधी घरी आणलं. टेबल पुसून, दिवा ओढून, पहिल्यापासून आकडे तपासले. एक ते दोनशे आठ. एकही पान जास्त नाही, एकही कमी नाही. तेरा फर्मे, ओळीने. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं, आणि पुढच्याच क्षणी पान एकोणपन्नास उघडलं.

तुझ्या तारखा पाहिल्या. पहिल्या पानावर एक, सतराव्यावर एक, तेहतिसाव्यावर एक. आणि एकोणपन्नासाव्यावर चौदा. वरून खालपर्यंत, खांबावर असायची तशी रांग. १४ सप्टेंबरपाशी लिहिलंयस, 'ओढा'. १९ सप्टेंबर, 'वाचल्यासारखं वाटतं'. ८ ऑक्टोबर, 'चिमणीला विचारणे'. १६ ऑक्टोबर, 'चिमणीला सांगू नये'. त्यानंतर नुसत्या तारखा, आणि तुझं अक्षर विस्कटत गेलेलं.

नवीन पुस्तकाच्या पानांच्या कडा कापल्यावर एकमेकींना किंचित चिकटलेल्या असतात. पहिल्यांदा उलटताना बारीकसा आवाज होतो. आमच्या कानांना तो कळतो. पासष्टाव्या पानापासून पुढे तो आवाज तसाच शिल्लक होता. त्या ओढ्यापलीकडे तू एकदाही गेला नाहीस.

तू लिहीत होतास आणि मी वाचत नव्हते. किटली जळाली म्हणालास, मी म्हटलं नवीन घे. दोन कप चहा केलास, मला वाटलं टपालबाईंसाठी असेल. नववा खांब हलला म्हणालास, मी थट्टा केली. तू पुस्तक मागितलंस, मी त्याला टोमणा समजले. महिनाभर मला एकच भीती होती, की पुस्तकात चूक निघेल. आता तुझ्यासमोर कबूल करते, चूक निघाली असती तर बरं झालं असतं. नोकरी गेली असती तर गेली असती.

फोरमनला आज पुस्तक दाखवलं. समास पुसले नाहीत. पुसायला रबर हातात घेतलं होतं, पण माझ्याने झालं नाही. मी त्याला फक्त सांगितलं की बांधणी ठीक आहे, वाचणाऱ्याची गल्लत झाली. त्याने आकडे तपासले, एकोणपन्नासाव्या पानाशी जरा थांबला, आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "उद्यापासून तपासणीवर ये." मी कटिंग मशीनच्या मागे जाऊन रडले. बाकीच्यांना वाटलं सुटले म्हणून रडते आहे.

पुढच्या शनिवारी, २२ तारखेला, सकाळच्या गाडीने निघते, दुपारी पोचेन. आठ दिवसांची रजा टाकली आहे. फोरमन म्हणाला, पंधरा घे. पुढचं काय ते तिथे आल्यावर, दोघांनी बसून ठरवू. तुला न विचारता तुझं सामान मी बांधणार नाही, एवढा शब्द देते. पुस्तक परत आणते आहे. पासष्टाव्या पानापासून मी मोठ्याने वाचीन आणि तू नावं ठेव. विसरलास तर पुन्हा वाचीन. मला सोळा पानं पुन्हा पुन्हा उचलायची सवय आहे.

तोवर फेरीच्या वाटेवर जाऊ नकोस. दादा, ओढ्याकडे तर अजिबात जाऊ नकोस.

चिमणी


१७ नोव्हेंबर

चिमणे,

तुझं पत्र टपालबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा मीच सांगितलं, असं त्या म्हणतात.

रागावलो नाही. चौदा तारखा मलाही दिसत होत्या. पण चौतीस वर्षं खांबांवर तारखांच्या रांगाच पाहिल्या, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलंच नाही. वाटलं, मागच्या फेऱ्यांच्या असतील. मग एकदा वाटलं, कुठल्या फेऱ्या? त्या दिवसापासून भीती बसली. लेखकाला म्हणावं, जनावर असं असतं. दिसत नाही, आणि आपल्याच अक्षरात लिहून जातं.

तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की तू मला इथून नेशील. अजूनही तीच भीती आहे. पण तिच्याहून मोठी एक आहे ती ऐक. संध्याकाळी ओढ्याकडून तुझी वहिनी हाक मारते. डोकं ठीक असतं तेव्हा मला माहीत असतं की ती नाही. नसतं तेव्हा मी चपला घालतो. परवा टपालबाईंनी मला अर्ध्या वाटेवरून परत आणलं.

त्यांच्याकडून दारावर आतून मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावून घेतली आहे. 'चिमणी शनिवारी येणार. तोवर बाहेर जाऊ नये. कुणाचीही हाक आली तरी.' येता-जाता वाचतो.

पण मग शनिवारी तू हाक मारलीस तर मला कसं कळावं की ती तूच आहेस? त्यावर बराच विचार केला. दादा म्हणून हाक मारू नकोस, तसा आवाज कुणीही काढील. दाराशी ये आणि विचार, "जेवलास का रे?"

हे मी विसरलेलो नाही. टपालबाईंना विचार, आज सकाळी त्यांच्यासमोर तीनदा म्हणून दाखवलं. मी आतून म्हणेन, "जेवलो. ये," आणि कडी काढीन.

लगेच उत्तर आलं नाही तर गंमत करतोय असं समजू नकोस. परत फिरू नकोस. वरच्या पायरीवर उभी राहायचीस तशी उभी राहा, आणि पुन्हा विचार.

दादा